न चोरलेली बाहुली

डोळेबाईला राग आला की तो एकटा येत नसे, भांडी घेऊन येई. त्या दिवशी मोरीत पातेलं असं आदळलं की भिंतीपलीकडची शेजारीण हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. एरवी ती भिंतीला कान लावूनच भागवायची.

"काय झालं हो?"

"काही नाही काकू. आईला बोलावणं आलंय," डोळेबाईची लेक म्हणाली. "बाहुल्यांच्या कारखान्यातून."

"अगंबाई! म्हणजे जिथून आईनं तुझ्यासाठी..." शेजारणीनं वाक्य अर्धंच ठेवलं आणि उरलेलं भुवयांनी सांगितलं.

"तोच," लेक म्हणाली, आणि केस पिकायला लागलेली ती बाई शाळकरी पोरीसारखी लाजली.

मोरीत दुसरं पातेलं आदळलं.

झालं होतं असं, की सकाळी दोघंजण आले होते, एक पोरगी आणि एक पोरगा, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली. कारखाना बंद पडून जमाना झाला होता. मालकाच्या धाकट्या मुलानं तिथं आता खेळण्यांचं संग्रहालय काढलं होतं. जुन्या बाहुल्या, भोवरे, चावीची माकडं, पत्र्याच्या मोटारी, सगळं काचेत. उद्घाटनाला जुने कामगार हवे होते.

"आजी, तुम्ही नुसतं टेबलाशी बसायचं," पोरगी म्हणाली. "एक डोळा रंगवून दाखवायचा. लोकांना त्यांचं लहानपण परत मिळेल."

"कुणाचं?" डोळेबाईनं विचारलं.

पोरीला प्रश्न कळला नाही. तिनं पुढचा विचारला. "कारखाना कधी सोडलात तुम्ही?"

"सोडला नाही. मानगूट धरून काढलं मला. चोर म्हणून."

पोरगा आणि पोरगी एकमेकांची तोंडं बघायला लागली. तेवढ्यात लेक मधे पडली, नेहमी पडायची तशी, आणि तिनं आपली गोष्ट सांगितली. आई दिवसभर बाहुल्यांचे डोळे रंगवायची आणि घरी मी एका रिकाम्या रिळाला चिंधी गुंडाळून तिला बाहुली म्हणायची. आईला ते बघवेना. एक दिवस तिनं कारखान्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात सुंदर बाहुली माझ्यासाठी उचलली. पकडली गेली. बाहुली गेली, नोकरी गेली, पण आईनं कधी तोंडातून हूं काढलं नाही. मला बाहुली मिळाली नाही हो, पण आई अशी मिळाली.

"किती गोड!" पोरगी म्हणाली आणि तिनं खरंच डोळे पुसले.

गोष्टीत सगळं होतं. माया होती, गरिबी होती, शेवटी घसा दाटून यायची सोय होती. एवढंच, की डोळेबाईनं बाहुली चोरली नव्हती.

हे तिनं लेकीला सांगितलं नव्हतं असं नाही. सांगून सांगून जिभेला घट्टे पडले. पण लेक गालात हसायची, "बरं बाई, नाही चोरलीस," म्हणायची आणि ऐकणाऱ्याला डोळा मारायची. आता तर तिनं ती गोष्ट आपल्या पोरीलाही पाजली होती. म्हणजे नातही आजीकडे चोर म्हणूनच बघायची, फक्त कौतुकानं. शिवी दिली तर उलट शिवी देता येते. कौतुकानं कुणी चोर म्हणालं तर करायचं काय माणसानं?

आता ही डोळेबाई कोण, ते सांगायला हवं.

पाच भावंडांत ती थोरली. चालायला लागली आणि कडेवर पोर आलं. एक उतरलं की दुसरं चढलं. गल्लीत लपंडाव रंगायचा तेव्हा सगळी पोरं मिळून राज्य हिच्यावर ढकलायची. हिला लपताच यायचं नाही ना. ही कोपऱ्यात दबून बसली की कडेवरचं गळा काढायचं. पळायला लागली तर ते अंगावर ओकायचं. मग ही आपली भिंतीला तोंड लावून आकडे म्हणायची आणि कडेवरचं ओझं सावरत दुसऱ्यांना शोधत फिरायची. गोट्या तिनं लांबून बघितल्या. दोरीवरच्या उड्या दोरीचं टोक धरून बघितल्या. पुढं कारखान्यात शेठनं परदेशातून एक बाहुली मागवली, दूध प्यायची, रडायची आणि मुतायची. सगळ्या बायका आ वासून बघत राहिल्या. डोळेबाईनं विचारलं, "ह्याला लोक पैसे देतात?" अख्खी खोली हसून लोळली. ती मात्र गंभीरपणे विचारत होती.

लग्न झालं, नवरा ट्रकवर, महिन्यातले थोडे दिवस घरी. पदरात एक लेक. ती जरा मोठी झाली तशी ही कारखान्यात लागली. कामावर घेताना मुकादमानं हातात कुंचला दिला आणि ही तो डाव्या हातात धरते म्हणून तोंड वाकडं केलं. पण पहिलं मुंडकं रंगवलं आणि तो गप्प झाला.

तिथं कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ओठ रंगवणारी ओठबाई, केस चिकटवणारी केसबाई, हातपाय ओवणाऱ्या सगळ्या हातपायबाया. ही डोळेबाई झाली ती कायमची. एका लांब फळीवर खिळे उलटे ठोकलेले, त्यावर मुंडकी खोचलेली, आंधळी, टकली, एका रांगेत. आधी पांढरं भरायचं. ते वाळलं की तपकिरी गोल. त्यात काळा ठिपका. आणि सगळ्यात शेवटी टाचणीचं डोकं पांढऱ्या रंगात बुडवून चमक टेकवायची. ही चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडायला हवी. एका डोळ्यात इकडं आणि दुसऱ्यात तिकडं पडली की बाहुली झपाटल्यासारखी दिसायची. डावऱ्या हातामुळं डोळेबाईच्या बाहुल्या किंचित बाजूला बघायच्या, कुणीतरी हाक मारल्यासारख्या. गिऱ्हाइकांना ते आवडायचं.

ती लागली तेव्हा मुंडकी लगद्याची असत, अंगं कापडाची, आत लाकडाचा भुसा. पावसाळी हवेत बाहुल्यांना बुरशी लागायची. मग प्लास्टिक आलं. रंग धरेना म्हणून नवे रंग आले, त्यांच्या वासानं बायकांची डोकी भणभणायची. संध्याकाळी फाटकावर पहारेकरीण प्रत्येकीची पिशवी, डबा आणि अंग चाचपायची. खेळण्यांच्या कारखान्यातून एक भुंडा हातसुद्धा बाहेर जाता कामा नये असा नियम होता. मोडकी, फसलेली बाहुली भट्टीत जायची. "फुकट वाटली तर विकत कोण घेणार?" मुकादम म्हणायचा. आत शेकड्यांनी बाहुल्या करायच्या आणि बाहेर पोरीला रिळाला चिंधी गुंडाळून द्यायची, ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. डोळेबाईलाही नाही. काम ते काम.

मग मोठ्या शेठच्या डोक्यात मोठी बाहुली शिरली. प्रदर्शनात ठेवायला एकच करायची, चालायला लागलेल्या मुलाएवढी. साचा वेगळा, कापड वेगळं. केसबाईनं केसांसाठी आपली वेणी कापून विकली. कमरेपर्यंतची वेणी होती तिची. नवऱ्यानं चार दिवस घरात घेतलं नव्हतं. डोळे अर्थात डोळेबाईचे. एवढे मोठे डोळे तिनं कधी काढले नव्हते. एकेका पापणीला जीव टांगला होता. बाहुली उभी राहिली तेव्हा सगळ्याजणी जेवण सोडून भोवती गोळा झाल्या. आणि तिथं डोळेबाई बोलून गेली, "अशी एखादी माझ्या पोरीला मिळाली ना, तर घर डोक्यावर घेईल कार्टी."

एवढंच. आपण म्हणतो तसं म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी नमुन्यांच्या कपाटातून बाहुली गायब झाली, आणि तेच वाक्य पन्नास तोंडांतून शेठकडे पोचलं.

शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, "कुठं विकलीस?"

"मी नाही नेली."

"मग पाय फुटले तिला?"

"चाचपल्याशिवाय फाटकातून माशी जात नाही तुमच्या. एवढी मोठी बाहुली मी काय गिळून नेली?"

तोंडाळपणाच नडला तिला. रडली असती, पाया पडली असती, तर कदाचित ओरडून सोडलं असतं. शेठचा पारा चढला. मुकादमानं तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं, आणि तिची पिशवी मागाहून रस्त्यावर फेकली.

घरी सासू म्हणाली, "आणायचीच होती तर सापडायचं कशाला?"

सासूला चोरीचं काही नव्हतं. फजितीचं होतं. गल्लीत पोरं तिच्या मागून "बाहुली! बाहुली!" ओरडत जायची. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात उभं करेनात. खेळणीवाल्यांचा धंदा लहान, सगळ्यांना सगळं कळतं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात हंडे घासले तिनं. सोड्यानं बोटांची कातडी निघायची. बऱ्याच वर्षांनी एका पाट्या रंगवणाऱ्यानं तिला हाताशी घेतलं, तेव्हा घरांचे नंबर, 'गाडी लावू नये', 'थुंकू नये' असलं काय काय रंगवून तिनं म्हातारपणापर्यंत गाडा रेटला. एव्हाना उघडझाप करणाऱ्या डोळ्यांच्या बाहुल्या आल्या होत्या. त्यांचे डोळे यंत्रातूनच पडायचे.

आणि लेक? तिला शाळेत पोरं 'चोराची पोर' म्हणायची. ती रोज मार खाऊन आणि मार देऊन घरी यायची. एक दिवस तिच्या बाईंनी तिला जवळ घेऊन म्हटलं, "अगं, तुझ्यावर केवढं प्रेम असेल तुझ्या आईचं!" बाई भली होती. पण तिनं लावलेलं ते मलम पोरीनं जन्मभर पुसलं नाही. मारामाऱ्या थांबल्या. कुणी चोर म्हटलं की पोरगी मान वर करून म्हणायची, "हो, माझ्यासाठी चोरली!" वर्षावर्षाला गोष्टीला नवी पानं फुटत गेली. रिळाची बाहुली बघून आईचा जीव तुटल्याचं आलं. आईनं मूग गिळून सोसल्याचं आलं. डोळेबाई मूग गिळून? अहो, फाटकाबाहेर उभी राहून तिनं शेठच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

तर अशा बाईला बोलावणं आलं होतं.

केसबाई तेवढी अजून जिवंत होती, दोन गल्ल्या सोडून राहायची. गुडघे गेले म्हणून ती यायची नव्हती. ती म्हणाली, "कशाला जातेस? तुझं तोंड ठाऊक आहे मला. बसशील तिथं शिमगा करून."

"जाते. मला त्या धाकट्याला विचारायचंय, की बाबा, त्या बाहुलीचं पुढं काय झालं? चोर सापडला का कधी? तुझ्या बापाच्या मागे तूच राहिलास. तुला ठाऊक असेल तर सांग. नाहीतर मी मरेन चोर म्हणूनच."

"आता कुणाला पडलंय त्याचं?"

"मला."

लेकीनं आईला धुतलेले, इस्त्रीचे कपडे घातले, स्वतःही नटली आणि दोघी गेल्या. कारखान्याच्या भिंतींना पांढरा रंग, जमिनीवर गुळगुळीत लाकूड. जिथं भट्टी होती तिथं चहाची टेबलं. खिळ्यांची फळी तशीच ठेवलेली, त्यावर चार मुंडकी, आणि भोवती लाल दोर. डोळेबाई सवयीनं दोर ओलांडून आपल्या जागेवर जायला लागली तर पहारेकरी धावला. "आजी, आत नाही जायचं. बघायचं फक्त."

"ही माझी जागा आहे."

"हो हो. पण हात नाही लावायचा."

लोक तोबा गर्दी करून आले होते. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "आमच्या लहानपणी!" आमच्या लहानपणी अशी मोटार होती. आमच्या लहानपणी हे माकड टाळ्या वाजवायचं, आठवतं का गं? हल्लीच्या पोरांना काय कळणार, नुसती फोन चोळत बसतात. एक जाडगेला गृहस्थ तर पत्र्याच्या आगगाडीसमोर उभा राहून हुंदके देत होता. डोळेबाई त्याच्याकडे बघत राहिली. आपल्याला कशाची आठवण काढून रडता येईल याचा तिनं विचार केला. कडेवरच्या भावाच्या मुताची? ज्यांना खेळणी मिळाली त्यांनाच ती हरवल्याचं दुःख करायला मिळतं, आणि आता तर त्याचं तिकीटसुद्धा लावलंय. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली.

तेवढ्यात लेकीनं दंडाला चिमटा काढला. "आई. आई, ती बघ."

मधोमध मोठ्या काचेच्या पेटीत, दिव्याखाली, मोठी बाहुली उभी होती.

दुसरी तशी नव्हतीच. एकच केली होती. केसबाईची वेणी थोडी विटली होती, फ्रॉक पिवळा पडला होता. डोळे मात्र जसेच्या तसे, किंचित बाजूला, कुणीतरी हाक मारल्यासारखे. डोळेबाई काचेला नाक लावून उभी राहिली. तिच्या श्वासानं काचेवर धुकं धरलं, ते तिनं बाहीनं पुसलं, परत बघितलं.

"म्हणजे त्यांना परत मिळाली ती!" लेक कुजबुजली. "तू दिलीस ना परत? मी म्हणतच होते."

"तोंड बंद ठेव," डोळेबाई म्हणाली.

मग भाषण झालं. धाकटे शेठ आता पन्नाशी ओलांडलेले, टक्कल पडलेले, बोलायला मोठे गोड. बापाविषयी बोलले, कष्टांविषयी बोलले, आणि मग बाहुलीकडे वळले. "हिची एक गंमत सांगतो. ही प्रदर्शनासाठी केली होती. पण आमच्या ताईला ती एवढी आवडली, एवढी आवडली, की एके दिवशी कारखान्यात आली असताना तिनं ती रेनकोटात गुंडाळली आणि सरळ गाडीत टाकून घरी आणली! शेठची मुलगी, तिला कोण अडवणार? संध्याकाळी वडील घरी आले तर ताई बाहुलीला मांडीवर घेऊन जेवू घालतेय. वडील इतके रागावले, आणि मग इतके हसले! म्हणाले, आता हे कारखान्यात कुणाला कळू द्यायचं नाही, माझं हसं होईल. इतकी वर्षं आम्ही घरात हे गुपित जपलं. ताई आज परदेशी आहे, पण तिनं बाहुली आवर्जून पाठवलीय. हे आमच्या घराचं लहानपण, आज तुमच्या स्वाधीन!"

लोक खळखळून हसले. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "आई गं, किती गोड!"

डोळेबाई टाळ्या थांबेपर्यंतही थांबली नाही. लोकांना कोपरानं बाजूला सारत पुढं गेली. ओळखपत्रवाल्या पोरीला वाटलं, आजी आठवणी सांगायला आल्या. तिनं उत्साहानं माइक हातात दिला. "ह्या आपल्या डोळेबाई! ह्याच बाहुलीचे डोळे ह्यांनी..."

"संध्याकाळी कळलं म्हणता?" डोळेबाईनं विचारलं. माइकमधून तिचा आवाज भिंतींवर आदळून परत आला. "त्याच दिवशी?"

"हो, त्याच संध्याकाळी," शेठ हसत म्हणाले.

"त्याच दिवशी दुपारी तुमच्या बापानं मला फाटकाबाहेर फेकलं. ही बाहुली चोरली म्हणून."

काहीजण हसले. आजी विनोदी आहेत असं त्यांना वाटलं. मग पुढच्या रांगेतलं हसू विझलं, मग त्याच्या मागच्या.

"अरे बापरे," शेठ म्हणाले. "मला खरंच कल्पना नव्हती. मी तेव्हा लहान होतो हो. झालं गेलं आता..."

"झालं ते माझं झालं. तुमचं काय गेलं? तुमच्या बापाला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस पाठवता आला असता. बाई, तू नाही चोरलीस, ये कामावर. एवढंच. तर तो हसत बसला!"

"आजी, खाली बसून बोलू या का? चहा..."

"तुमच्या ताईनं चोरली, आणि चोर मी."

शेठ जरा दुखावले. "चोरी कशी म्हणता? घरचीच वस्तू घरी आली."

"मग चोरीच झाली नाही?"

"तसं बघितलं तर नाही."

"मग मला काढलं कशासाठी?"

आगगाडीवाला गृहस्थ चष्मा पुसायला लागला. कुणीतरी मागून म्हणालं, "अहो, चांगल्या दिवशी कशाला हे?" डोळेबाईनं त्या दिशेला असं बघितलं की बोलणारा गर्दीत बुडाला.

"बोला. हिनं चोरली नाही, असं बोला."

"नाही चोरली हो ह्यांनी," शेठ हात जोडून म्हणाले, हट्टी पोराची समजूत काढावी तसं. "झालं समाधान?"

"लोकांना काय सांगता? ते काय, चहा पिऊन जातील घरी. ती तिकडं निळ्या कपड्यातली उभी आहे ना, ती माझी लेक. तिच्याकडे बघून बोला. नीट."

सगळ्या माना लेकीकडे वळल्या. लेक भिंतीला टेकून उभी होती, रंग उडालेली. शेठनी तिच्याकडे बघितलं आणि आता त्यांचा आवाज खरंच खाली आला. "तुमच्या आईनं बाहुली चोरली नव्हती. आमच्या घरात होती ती. पहिल्या दिवसापासून."

डोळेबाईनं माइक टेबलावर ठेवला. त्याचा कर्कश आवाज झाला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. शेठना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी पेटी उघडायला लावली, बाहुली काढली आणि फोटोवाल्यांना हाक मारून ती डोळेबाईपुढं धरली. "ही आता तुमची. न्या घरी."

"मी नेली नव्हती," डोळेबाई म्हणाली, "आणि नेणार नाही."

पण लेकीचे हात पुढं आले होते. तिला स्वतःलाही ते कळलं नसावं. डोळेबाईनं ते बघितलं. "तुला हवी तर तू घे," ती म्हणाली. "तुझ्यात आणि ह्यांच्यात बघून घे ते. मला मधे घेऊ नका." लेकीनं बाहुलीच्या केसांना नुसतं बोट लावलं आणि हात मागं घेतला.

दोघी पायीच परत निघाल्या. वळणावर लेक अचानक थांबली.

"म्हणजे तू माझ्यासाठी बाहुली आणायचा कधी विचारसुद्धा केला नव्हतास?"

"नाही."

"मनातसुद्धा आलं नाही?"

"नोकरी टिकवायची होती मला. तुला जेवायला लागायचं. बाहुलीचं कुठून येणार मनात?"

लेक रडायला लागली. रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. "सगळ्यांना सांगत आले मी. सगळ्यांना! काय राहिलं आता माझ्याकडे?"

"तुला चोर आई हवी होती का?"

"हो!" लेक ओरडली. "हवी होती!"

डोळेबाईला वाटलं एक थोबाडीत ठेवून द्यावी. पण लेकीच्या गालावर आता वय दिसत होतं, आणि तिथं मारायला जागा राहिली नव्हती. ती तिला तशीच सोडून पुढं चालायला लागली. थोड्या वेळानं मागून पावलं वाजायला लागली.

मग घरात अबोला. लेक ताट वाढायची ते आपटून. डोळेबाई जेवायची तीही आपटून. शेजारीण दोनदा डोकावली आणि दोन्ही वेळा काही न कळता परत गेली. केसबाईला सगळं सांगितलं तेव्हा ती हसून हसून खोकली. मग म्हणाली, "माझ्या वेणीला कुणी काही बोललं का तिथं?"

"नाही."

"भाडखाऊ लेकाचे," केसबाई म्हणाली.

राग गेला का डोळेबाईचा? छे. उलट वाढला. इतकी वर्षं तिला वाटायचं, कुणीतरी कामगार असेल, गरज पडली असेल, उचलली असेल. त्या न बघितलेल्या चोरावर तिनं मनातल्या मनात दयाही केली होती. आता कळलं होतं की चोराला बाहुलीला जेवू घालायचं होतं.

एका सकाळी नात शाळेच्या घाईत आरशासमोर बसली होती. लेक तिची वेणी घालत होती. नात म्हणाली, "आई, आजीनं बाहुली चोरली ती गोष्ट सांग ना."

लेकीचे हात थांबले. डोळेबाई पलीकडे ओट्याशी होती. तिनं नळ बंद केला.

"चोरली नव्हती," लेक म्हणाली. आवाज कोरडा, कडू काढा प्यायल्यासारखा. "मालकाच्या पोरीनं नेली. मालकाला कळलं तरी तो गप्प बसला. आजीला हाकलून दिलं."

"मग?"

"मग काही नाही. आजी इस्पितळात हंडे घासायला लागली."

"आणि बाहुली?"

"ती त्यांच्याच घरी राहिली."

नातीनं आरशातून आईकडे बघितलं, पुढं काही आहे का याची वाट बघितली. पुढं काही नव्हतं.

"ही गोष्ट चांगली नाही," नात म्हणाली.

"नाहीच आहे," डोळेबाई ओट्यापासून म्हणाली. "परत सांग तिला."